न लिहिलेला 'अ'

'सर्वज्ञ' हे नाव रोमन लिपीत कसं लिहाल? हिंदी घरातला माणूस 'ज्ञ'साठी जी-वाय लिहील, गुजराती घरातला जी-एन, आणि मराठी माणूस फारसा विचार न करता डी-एन-वाय. शब्द ऐकून त्याचं स्पेलिंग तोंडी सांगायच्या अमेरिकेतल्या स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी या स्पर्धेत 2025 साली दुसरा आलेला मुलगा होता सर्वज्ञ कदम. आडनाव झाकलं असतं तरी त्या डी-एन-वायवरून घर ओळखता आलं असतं. अक्षर एकच, पण ते लिहिणाऱ्याची भाषा कोणती यावर स्पेलिंग फिरतं. माइकसमोर उभं राहून या स्पर्धेतली मुलं तासन्‌तास जे विचारत असतात ते हेच: शब्द मूळचा कुठल्या भाषेतला?

स्पर्धा जुनी आहे. 1925 साली लुईव्हिलच्या एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने नऊ मुलं वॉशिंग्टनला जमली आणि फ्रँक न्यूहाउसर 'ग्लॅडिओलस' हा शब्द बरोबर सांगून जिंकला. हो, फुलवाल्याकडच्या उंच दांड्यांचं तेच फूल. आज तयारी करणारं तिसरीतलं पोरही हा शब्द डोळे मिटून सांगेल, आणि शंभर वर्षांत काठिण्य कुठून कुठे गेलं ते एवढ्यावरून कळतं. 1985 साली बालू नटराजन 'मिल्यू' या फ्रेंच शब्दावर जिंकला. भारतीय वंशाचा तो पहिला विजेता. 1999 मध्ये नूपुर लाला जिंकली, तिच्या वर्षावर माहितीपट निघाला, तो घराघरांत पाहिला गेला. पुढे 2008 ते 2019 या काळात एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांत भारतीय वंशाचं मूल नव्हतं.

यावर ठरावीक प्रतिक्रिया येते: आपल्या मुलांचं पाठांतर चांगलं, पाढे-श्लोकांची परंपरा, वगैरे. हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याने काहीच उलगडत नाही. ज्या कोशातून शब्द येतात त्या मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या, असंक्षिप्त कोशात पावणेपाच लाखांच्या आसपास नोंदी आहेत. रोज शंभर नवे शब्द पाठ केले आणि एकही विसरला नाही, तरी तेरा वर्षं लागतील. स्पर्धा आठवीपर्यंतच्या मुलांची आहे. म्हणजे नुसत्या पाठांतराचं गणित बसतच नाही. न पाहिलेला शब्द ऐकून त्याचं स्पेलिंग रचता आलं पाहिजे, आणि तिथे खरा शत्रू कोण असतो? 'अ'.

आपल्या लिपीत 'अ' प्रत्येक व्यंजनाच्या पोटात बसलेला असतो. 'कमळ' लिहिताना 'क'मध्ये अ कुठला घालू असा प्रश्न कुणा मराठी मुलाला पडत नाही. आपली रडगाणी ऱ्हस्व-दीर्घाची असतात. इंग्रजीत मात्र हाच ओझरता, आघात नसलेला 'अ' कधी ए, कधी ई, कधी आय, कधी ओ, कधी यू, तर कधी वाय या अक्षराने लिहितात. कोशात त्याच्यासाठी उलटा ई छापलेला असतो. त्याचं नाव 'श्वा'. तीन-चार श्वा असलेला सात-आठ अक्षरांचा शब्द कानावर पडला की कागदावर शंभरावर पर्याय उभे राहतात, आणि त्यातला एकच खरा असतो. स्पेलिंग चुकलं की मंचावर घंटा वाजते, आणि ती बहुतेक वेळा याच 'अ'साठी. कोशातला एखादा जडजंबाल, न उच्चारता येणारा शब्द त्या मानाने सोपा जातो, कारण त्यात स्वर ठसठशीत असतात.

घरच्या तयारीतली पहिली मोठी चूकही इथेच होते, आणि ती प्रेमापोटी होते. आई किंवा बाबा शब्द घालतात. आपल्याकडे शुद्धलेखन घालतात तसंच. पण आपण भारतीय इंग्रजी बोलतो ते बरंचसं स्पेलिंग वाचून.  आपण 'डेमोक्रसी' म्हणतो, पहिला ई आणि मधला ओ स्वच्छ ऐकू येतात. स्पर्धेत शब्द वाचून दाखवणारा उच्चारक 'डमॉक्रसी' म्हणेल, तिथे पहिल्या जागी नुसता अ उरेल. आईच्या तोंडून ऐकलेल्या शंभर शब्दांपैकी नव्वद बरोबर सांगणारं मूल मंचावर साठावर येतं, आणि घरचे म्हणतात, घाबरलं. ते घाबरलेलं नसतं. आईच्या उच्चारातली मदत तिथे मिळालेली नसते, एवढंच.

उपाय साधा आहे. शब्द कोशातल्या ध्वनिफितीवरूनच ऐकवायचा, दोनदा. कोशाने दोन उच्चार दिले असतील तर दोन्ही. पालकाने फक्त अर्थ, मूळ भाषा आणि वाक्य वाचून दाखवायचं, आणि उत्तर तपासायचं. व्ही आणि डब्ल्यू, तसंच एस आणि झेड या जोड्यांत मराठी कान घसरतो. त्यांचा वेगळा सराव लागतो. अक्षर सांगताना 'डबल आर' म्हणायची आपली सवयही मोडावी, कारण घाईत मूल 'डबल' म्हणून पुढे नेमकं कोणतं अक्षर घ्यायचं तेच विसरतं. 'आर, आर' असं सुटं सांगितलं की मोजणी तोंडातच होते.

मग भाषा. तयारीचा कणा हाच. शब्द ग्रीक असेल तर फ म्हणजे पी-एच, मधला इ बहुधा वाय, क म्हणजे पुष्कळदा सी-एच, आणि दोन मुळं जोडणारा अ बहुधा ओ. लॅटिन असेल तर तो सांधा बहुधा आय. जर्मन असेल तर श म्हणजे एस-सी-एच आणि व म्हणजे डब्ल्यू. इटालियनमध्ये व्यंजनं जोडीने येतात. जपानी शब्दांत क साठी के, आणि व्यंजन-स्वर अशी ठाकठीक जोडी. फ्रेंच हे वेगळं प्रकरण. तिथे शेवटची तीन-तीन अक्षरं मुकी असू शकतात, म्हणून फ्रेंचला नियमांपेक्षा सराव जास्त द्यावा लागतो. 2023 सालचा विजयी शब्द होता 'सॅमोफाइल', वाळूत रमणारा जीव किंवा वनस्पती. 'सॅमो' म्हणजे वाळू, 'फाइल' म्हणजे आवड असणारा, दोन्ही ग्रीक. ही दोन मुळं माहीत असतील तर सुरुवातीचा मुका पी आणि मधले दोन एम आपोआप जागेवर येतात. स्पर्धकाला 'यात अमुक अर्थाचं अमुक मूळ आहे का' असं विचारता येतं, पण मूळ आणि अर्थ दोन्ही स्वतः सांगावे लागतात. नुसतं 'मूळ काय' म्हणून सुटका नाही.

कुठली भाषा मुलाला भोवते हे वर्षभराच्या चुकांच्या वहीतून दिसतं. अरविंद महांकाळी 2011 आणि 2012 अशी दोन वर्षं तिसरा आला, दोन्ही वेळा जर्मन वळणाच्या शब्दांवर पडून. त्याने जर्मनवर जोर दिला, आणि 2013 मध्ये तो जिंकला ते 'कनेडल' या यिडिश शब्दावर. यिडिश ही जर्मनचीच मावसबहीण. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी यिडिशच्या जाणकारांनी सांगितलं, आम्ही हा शब्द असा लिहीतच नाही. त्यांचं बरोबर असेल. पण स्पर्धेचा कायदा कोश. कोशात जे छापलंय ते बरोबर, मग त्या भाषेची आजी काहीही म्हणो. आपल्या भाषांतल्या शब्दांबद्दलही हेच लक्षात ठेवावं लागतं.

कारण भारतीय घरातल्या मुलांना भारतीय शब्द सोपे जात असतील हा समज निम्माच खरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजाने पंखा, पंडित, बंगला, जंगल हे शब्द कानाने टिपले. त्याच्या कानाला आपला अ त्याच्या 'कप'मधल्या स्वरासारखा वाटला, म्हणून त्याने यू लिहिला. पी-यू-एन-डी-आय-टी. उलट जे शब्द अलीकडे विद्वानांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या मार्गाने गेले त्यात अ साठी ए येतो. म्हणजे शब्द कुठून आला याबरोबर कधी आला हेही कळावं लागतं. मुंगूस मराठीतून पोर्तुगीजांच्या तोंडी गेलं आणि इंग्रजीत 'मंगूस' झालं: एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. इथे तर अ साठी ओ, आणि शेपटीला इंग्रजांचं बदक-हंसाच्या घरातलं 'गूस'. मराठी कानाला शब्द ओळखू येतो, पण स्पेलिंग त्याच्या ओळखीचं नसतं. 2019 च्या विजेत्यांत सोहम सुखटणकर हे नाव होतं. त्याचं रोमन रूप पाहा: सोहममधल्या 'ह'च्या अ साठी यू, आणि सुखटणकरमधल्या 'सु'साठीही यू. एकाच नावात एकच अक्षर अ आणि उ, दोघांचं काम करतंय. असं नाव घेऊन वाढलेल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगची लहर वेगळी समजवायला नको.

सगळ्यात वाईट शब्द माणसांच्या आणि जागांच्या नावांवरून आलेले. तिथे भाषा विचारून उपयोग नसतो. उत्तर येतं, नावावरून. 2021 मध्ये झायला अवाँगार्द जिंकली तो शब्द 'मरेया'. ही एका झाडांच्या प्रजातीची लॅटिन संज्ञा, वनस्पतिशास्त्रज्ञ योहान मरे याच्या नावावरून. आपला कढीपत्ता आणि बागेतली कुंती याच प्रजातीच्या नावाने ओळखल्या जातात. तिने उच्चारकाला विचारलं, यात इंग्रजी 'मरे' हे नाव आहे का, बिल मरे या विनोदी नटाचं असतं तसं? हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न, पण अचूक. दोन आर आणि ए-वाय त्या नावाने हातात दिले.

2025 मध्ये याच जातीच्या शब्दाने उलटा खेळ केला. फैजान झाकी हा आदल्या वर्षी बरोबरी फोडायच्या फेरीत हरला होता. त्या फेरीत प्रश्न नसतात, 90 सेकंदांत जमतील तेवढे शब्द सांगायचे. प्रतिस्पर्ध्याचे 29 बरोबर आले, त्याचे 20. पुढच्या वर्षी विजेतेपद हाताशी आलेलं असताना त्याला 'कॉमेलिना' हा शब्द आला. त्याने भाषा विचारली नाही, अर्थ विचारला नाही, तोंड उघडलं आणि के-ए-एम म्हणून मोकळा झाला. आणि तिथेच त्याला कळलं. शब्द पुन्हा पहिल्यापासून सांगता येतो, पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. कॉमेलिना म्हणजे आपलं केना. पावसाळ्यात बांधावर माजतं, ज्याची भजी करतात, निळ्या फुलाचं तेच. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने हे नाव कोमेलिन आडनावाच्या तीन डच वनस्पतिशास्त्रज्ञांवरून दिलं. फुलाच्या दोन पाकळ्या ठळक आणि तिसरी नाममात्र, कारण दोघे कोमेलिन नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, असं त्याने लिहून ठेवलंय. 'नावावरून' हे एवढं उत्तर मिळालं असतं तरी के बाजूला पडून सी आठवला असता. फैजान पुढे त्याच रात्री 'एक्लेरसीसमाँ' सांगून जिंकला, पण मधल्या फेऱ्यांत त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल!

म्हणून प्रश्नांचा क्रम शब्द येत असला तरी पाळायचा. आधी शब्द स्वतः उच्चारून दाखवायचा आणि 'असाच का' विचारायचं. मग अर्थ, मग भाषा, मग व्याकरणातला प्रकार, मग वाक्य, आणि गरज असेल तर मूळ. अर्थ आधी घ्यायचा याचं कारण व्यावहारिक आहे. ध्वनिवर्धकातून एम आणि एन, बी आणि पी, एफ आणि एस एकमेकांत मिसळतात, आणि कित्येक शब्द सारखेच ऐकू येतात. चुकीचा ऐकलेला शब्द बरोबर सांगूनही घंटा वाजते. तळहातावर बोटाने लिहिणं, हवेत कळफलक बडवणं, याला परवानगी असते. स्पेलिंग डोळ्यांनी पाहिलं की खोटं लगेच कळतं. तोंडाला ती नजर नसते.

रोजच्या अभ्यासाची पद्धत घरोघर थोडी वेगळी असली तरी चौकट एकच. स्पर्धा भरवणारेच दरवर्षी 4,000 शब्दांची यादी तीन पायऱ्यांत देतात. पहिलं वर्ष तिच्यातच जातं, जावं. शाळेच्या आणि विभागीय फेऱ्या तिच्यावरच पुष्कळशा निभावतात. त्यानंतर कोश भाषेनुसार किंवा विषयानुसार चाळायचा. संगणकावर तक्ता करायचा: शब्द, भाषा, अर्थ, आणि मुलाने दिलेलं चुकीचं स्पेलिंग. शेवटचा रकाना पुष्कळजण ठेवत नाहीत आणि तोच सगळ्यात कामाचा. ई-ऐवजी ए पडतोय की एकेरी-दुहेरीत गोंधळ आहे, हे त्याशिवाय दिसत नाही. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने विचारायचा. बरोबर आलेल्या शब्दावर वेळ घालवायचा नाही. टंकून सराव केला तर तासाला दोनशे-तीनशे शब्द होतात, बोलून केला तर त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणून वर्षभर टंकायचं आणि शेवटचे पाच-सहा आठवडे उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. नुसतं टंकलेलं मूल माइकसमोर मधलं अक्षर गिळतं. 2021 पासून मंचावर शब्दार्थाचीही फेरी असते, त्यामुळे अर्थ सोडून फक्त स्पेलिंग पाठ करण्याचा चोरमार्गही बंद झाला. झालं ते उत्तमच झालं.

आता समाजाचा वाटा. तो टाळ्या वाजवण्यापुरता असता तर लिहायला घेतलंच नसतं. 1989 साली रत्नम चित्तुरी यांनी नॉर्थ साउथ फाउंडेशन काढली, भारतातल्या गरजू हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायला. 1993 पासून तिने अमेरिकेतल्या भारतीय मुलांसाठी स्पेलिंगच्या स्पर्धा सुरू केल्या. पुढे शब्दसंपदा, गणित, भूगोल, विज्ञान असं वाढत गेलं. शहराशहरांत शाखा झाल्या, आणि सगळं काम स्वयंसेवक पालकांवर. याचा अर्थ काय होतो पाहा. शाळेच्या स्पर्धेत एका चुकीला घरी जायचं, म्हणजे वर्षाला एखादाच अनुभव. इथे पहिली-दुसरीपासून मुलाला परक्या सभागृहात, अनोळखी काकांच्या तोंडून शब्द ऐकण्याची सवय लागते. लेखी फेरी असल्यामुळे पहिल्याच शब्दावर चुकलेलं पोरही सगळे शब्द लिहितं, आणि घरी जाताना आपलं कुठे बिनसलं ते घेऊन जातं.

अशा स्पर्धेचा शनिवार नीट पार पडायला काय लागतं? एक उच्चारक, ज्याने यादी आदल्या आठवड्यात ध्वनिफितीसह तीनदा वाचलेली असते. दोन पंच, एकाच्या हातात यादी, दुसरा फक्त कानाने मुलाची अक्षरं टिपणारा. ध्वनिमुद्रण, कारण 'मी एम म्हणालो, तुम्ही एन ऐकलं' हा वाद होतोच. लेखी फेरीत मोठी, सुटी अक्षरं काढायची सूचना, नाहीतर ए आणि ओ, यू आणि व्ही यांच्यावरून टेबलाभोवती पालकांचा घोळका जमतो. हरकत नोंदवायची मुदत आधीच जाहीर केलेली, आणि हरकत ऐकणारा माणूस असा की ज्याचं स्वतःचं मूल त्या गटात नाही. हे शेवटचं कलम पाळणं सगळ्यात अवघड. हुशार मुलांचे पालकच सगळ्यात कामसू स्वयंसेवक असतात.

हरकत हा काही रडीचा डाव नव्हे. 2022 मध्ये हरिणी लोगन शब्दार्थाच्या फेरीत बाद ठरली होती. पंचांनी पुन्हा तपासलं, तिचं उत्तरही ग्राह्य धरता येतं असं ठरलं, ती परत आली आणि जिंकली.

विजेत्यांची नावं वाचली तर तेलुगू आणि तमिळ घरं ठळक दिसतात, मराठी कमी. त्याला बुद्धीचं कारण शोधू नये. जिथे आधीच्या पिढीतली चार मुलं खेळलेली असतात तिथे याद्या, वह्या, ओळखी आणि 'हे जमतं' हा विश्वास आयता मिळतो. मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळांत बाराखडी शिकणारी मुलं त्याच आठवड्याच्या शेवटाला स्पेलिंगच्या सभागृहातही असतात, आणि दोन्हीकडे त्यांची गाठ त्याच अ शी पडते. एकीकडे न लिहिताच आपोआप येणाऱ्या, दुसरीकडे सहा तऱ्हांनी लिहाव्या लागणाऱ्या.

काळी बाजूही आहे. माजी स्पर्धक शिकवणीला घेतात, तासाचे दर काही घरांना परवडतात आणि काहींना नाही. 2018 आणि 2019 मध्ये तर विभागीय स्पर्धा न जिंकताही पैसे भरून अंतिम स्पर्धेत जाण्याची वाट उघडली होती. पुढे ती बंद झाली. 2019 मध्ये स्पर्धक पाचशेच्या वर गेले, आणि मध्यरात्र उलटल्यावर विसाव्या फेरीअखेर आठ जणांना एकत्र विजेते घोषित करावं लागलं. मुलांना अडकवतील असे शब्द संपत आले होते. त्या आठातल्या एकाचा शब्द होता बोगनवेल. आपल्या कुंपणावरची. आठही जण एकमेकांसाठी टाळ्या वाजवत होते. इथे प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीत नसतो, कोशात असतो, हे मुलांना पालकांच्या आधी कळतं.

आठवी संपली की हे सगळं एका दिवसात थांबतं. तक्त्यात तीस-चाळीस हजार ओळी जमलेल्या असतात, चुकांचा रकाना भरलेला. दसारी या माजी स्पर्धक बहीण-भावाने अशा याद्यांतूनच स्पेलपंडित नावाचा सरावाचा उद्योग उभा केला. बाकीच्या घरांतून ती फाइल धाकट्या भावंडाकडे जाते, नाहीतर मंडळातल्या कुणाच्या तरी चौथीतल्या मुलीकडे. आणि स्पर्धेत शब्द उच्चारणारे ज्याक बेली हे स्वतः 1980 चे विजेते. 2003 पासून ते त्या खुर्चीत आहेत, आणि मुलं त्यांच्याकडे बघून एकच गोष्ट मागत असतात: तो अ जरा पुन्हा ऐकवा.